1755 च्या पुस्तकातलं घडीचं चित्र फाटलंय, वर जुनी सेलोटेप आहे. काय करू?

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीची. शाळेत 31 वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले. प्रयोगांची जुनी सचित्र पुस्तकं जमवायचा नाद तेव्हापासूनचा. मदत हवी आहे आणि जरा घाईने, कारण पावसाळा तोंडावर आलाय.

गेल्या वर्षी फ्रान्समधल्या एका विक्रेत्याकडून अठराव्या शतकातले फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ-आंत्वान नोले यांच्या प्रायोगिक भौतिकशास्त्राच्या पाठांचा सुटा पाचवा खंड घेतला. एकूण सहा खंड, पहिला 1743 चा, शेवटचा 1764 चा. पाचवा प्रकाशावरचा, 1755 साली निघालेला. माझी प्रत नंतरच्या छपाईची. सुट्या खंडाला संग्राहक नाक मुरडतात, पण मला हाच हवा होता.

नोले उपकरणं स्वतः घडवायचे आणि विकायचेही. काचकाम, लेथ, दोन्हींत हात बसलेला. म्हणून चित्रातला एकेक स्क्रू, एकेक खुंटी जिथल्या तिथे. त्यातलंच एक चित्र बघून आमच्या सुताराने मला लोलकासाठी घोडी करून दिली, इतकं ते स्पष्ट आहे. चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. पान उजेडात तिरकं धरलं की पत्र्याच्या कडेचा दाब दिसतो, आणि बोट अलगद फिरवलं तर शाई किंचित उठलेली लागते. डाव्या बाजूला मुद्दाम कोरा कागद सोडलाय. त्यामुळे घडी उलगडली की चित्र पूर्ण पुस्तकाबाहेर येतं आणि मजकूर वाचताना आकृतीतली अक्षरं शेजारीच दिसतात. किती विचार केलाय वाचणाऱ्याचा!

पण त्याच घडीवर कागद थकतो. लोलकाच्या चित्राची घडी वरून साधारण चार बोटं फाटली आहे, आणि फाट नेमकी किरणावरून गेली आहे. कुणीतरी पूर्वी मागून सेलोटेप लावली. ती आता तपकिरी पडून कडक झाली आहे, डिंक कागदात मुरून पुढच्या बाजूला तेलकट डाग उमटलाय. विक्रेत्याने फोटोत हे पान मिटलेलंच दाखवलं होतं.

एकाने हेअर ड्रायरने टेप सैल करायला सांगितलं, दुसऱ्याने पेट्रोल. पेट्रोलला मी हात लावणार नाही. ड्रायरची ऊब कुणी स्वतः वापरून पाहिली आहे का? कागद चिंध्यांचा आहे, रद्दीच्या कागदासारखा ठिसूळ नाही, तरी भीती वाटते. टेप निघाल्यावर पातळ जपानी कागद गव्हाच्या खळीने मागून लावायचा, एवढं माहीत आहे. पण आमच्याकडच्या दमट हवेत खळीला बुरशी धरेल का, की हे काम दिवाळीनंतरच करावं? तोवर पुस्तक कपाटात सिलिका जेलसोबत ठेवलं तर चालेल ना? चामड्याची बांधणी फार सुकून तडकायला नको. कसर लागलेली नाही, तेवढं तपासलंय.

पुण्या-मुंबईत असं एकच पान दुरुस्त करून देणारं, हस्तलिखितांवर हात बसलेलं कुणी ठाऊक असेल तर कृपया सांगा. कुरिअरने पाठवायचं जिवावर येतं. मी स्वतः पुस्तक घेऊन येईन.