व्हेरोनाचा 1985चा स्कुडेटो: बान्योलींचा की सोडतीचा?

तिरपी_किक (धागाकर्ता)

इटलीत हा वाद चाळीस वर्षं शिळा होत नाही, म्हणून इथे मांडतो. 1984-85 च्या हंगामात सेरी आच्या, म्हणजे इटलीच्या सर्वोच्च फुटबॉल लीगच्या, सामन्यांना कोणता पंच जाणार हे नेमणूक करणाऱ्या माणसाने ठरवलं नाही, सोडतीने ठरलं. म्हाडाची घरं निघतात तसं. नेमका त्याच हंगामात बान्योली प्रशिक्षक असलेला हेलास व्हेरोना विजेता. लगेच पुढच्या हंगामात सोडत बंद, पंच पुन्हा नेमणुकीने, आणि व्हेरोना दहाव्या क्रमांकावर. 1903 साली स्थापन झालेल्या या क्लबचा तो एकमेव स्कुडेटो, म्हणजे लीगचं विजेतेपद.

संघ उत्तम होता, त्यात वाद नाही. पण नेमणुकीच्या पद्धतीत तो दुसरा किंवा तिसरा आला असता असं माझं मत आहे. लानेरोस्सी विचेंझा 1977-78 मध्ये असाच दुसरा आला: पाओलो रॉस्सीचे 24 गोल, संघाचे 39 गुण, युव्हेंटसचे 44. पुढच्या वर्षी पेरुजा 30 सामन्यांत एकदाही हरला नाही, 11 विजय आणि 19 बरोबऱ्या, तरी मिलान 44 आणि पेरुजा 41. लहान शहरांच्या क्लबांना उंबरठा ओलांडता येत नव्हता. एका वर्षी आला, आणि त्याच वर्षी सोडत होती.

जुना_लिबेरो

साफ असहमत. तुम्ही दोनच हंगाम शेजारी ठेवलेत, पाच ठेवा. 1981-82 मध्ये बान्योलींनी संघ सेरी बी, म्हणजे दुसरी श्रेणी, जिंकून वर आणला. त्यानंतरचे क्रमांक: 4, 6, 1, 10, 4. यातल्या फक्त मधल्या एकाला सोडत होती. 1983 आणि 1984 अशा लागोपाठ दोन वर्षी हा संघ कोप्पा इतालियाच्या (इटालियन कपाच्या) अंतिम फेरीत होता. एकदा युव्हेंटसकडून हरला, एकदा रोमाकडून. सोडतीने आकाशातून पडलेला संघ असा चढत येत नाही.

दहाव्या क्रमांकाचं कारणही पंचांत शोधायची गरज नाही. 1985 च्या उन्हाळ्यात फान्ना आणि लुचानो मारांगोन इंटरला गेले, गोलरक्षक गारेला नेपोलीला. म्हणजे उजवी बाजू, डावी बाजू आणि गोल, तिन्ही एकदम मोकळं. गारेला दोनच वर्षांत नेपोलीबरोबर पुन्हा विजेता झाला, तेही नेमलेल्या पंचांच्या काळात.

तिरपी_किक

4, 6, 1, 10, 4 ही रांग माझ्याच बाजूने बोलते. नेमलेल्या पंचांसह सर्वोत्तम क्रमांक चौथा. पहिला फक्त सोडतीत.

सव्वादोन_गुण

आकडेमोड करून टाकतो.

व्हेरोना: 30 सामने, 15 विजय, 13 बरोबऱ्या, 2 पराभव, 43 गुण. गोल 42 केले, 19 खाल्ले. तोरिनो 39, इंटर 38, साम्पदोरिया 37. तेव्हा विजयाला दोन गुण होते, म्हणून काही जण म्हणतात की तीन गुण असते तर बरोबऱ्या खेळणारा व्हेरोना मागे पडला असता. चूक. तीन गुणांच्या हिशोबात जुन्या गुणांत विजयांची संख्या मिळवायची: 43 + 15 = 58. आता 39 गुणांत जास्तीत जास्त विजय किती बसतात? 19. म्हणजे सगळ्यात टोकाचं गणित धरलं तरी 39 + 19 = 58, फक्त बरोबरी. कुठल्याही हिशोबाने कोणी पुढे जात नाही.

आता पंच. चार गुणांचा फरक पंचांमुळे पडला म्हणायचं तर किमान दोन विजयांचे पराभव व्हायला हवेत, किंवा चार विजयांच्या बरोबऱ्या. ते सामने कोणते, हे सांगायची जबाबदारी धागाकर्त्याची.

सुद्दितांझा

गणित ठीक आहे, पण प्रश्न चुकीच्या टोकाने धरलाय. पंच विकले जात होते असं कोणी शहाणा म्हणत नाही. इटालियनमध्ये त्याला ‘सुद्दितांझा प्सिकोलोजिका’ म्हणतात, मोठ्याच्या दारात आवाज आपोआप खाली येणं. कसं चालतं बघा. नेमणुका एका माणसाच्या हातात. मोठ्या क्लबविरुद्ध ठाम निर्णय देणाऱ्या पंचावर सोमवारी वर्तमानपत्रं तुटून पडतात, आणि पुढचा मोठा सामना त्याला मिळेलच याची खात्री उरत नाही. मग पन्नास-पन्नास टक्क्यांचा निर्णय कुठे झुकतो? सोडतीत ही भीती निघून जाते, कारण पुढचा सामना चिठ्ठी ठरवणार. पेनल्टी न देणं एवढ्यापुरतंच हे नसतं. कडेचे फाऊल, पिवळं कार्ड 20 व्या मिनिटाला की 70 व्या, असल्या बारीक गोष्टी कुठल्याही तक्त्यात सापडत नाहीत. म्हणून ‘सामने दाखवा’ ही मागणीच गैरलागू आहे.

जुना_लिबेरो

जे तक्त्यात सापडत नाही ते सिद्ध करता येत नाही, आणि खोडताही येत नाही. सोयीचं आहे! कालियारी 1970 मध्ये नेमलेल्या पंचांसमोर विजेता झाला. बेटावरचा क्लब, उत्तरेतले सगळे दिग्गज मागे.

आणि सोडत म्हणजे गंगाजल नव्हे. 2006 मध्ये क्लबचे अधिकारी आणि पंच नेमणारे यांच्या फोनवरच्या संभाषणांचा जो टेलिफोन घोटाळा उघड झाला, त्या काळात पंच याद्यांच्या गटांतून सोडतीनेच निघायचे.

सुद्दितांझा

गटांतली सोडत आणि सरसकट सोडत एक नाही. गट कोण पाडतो? नेमणूक करणारेच. चार सामने आणि चारच पंच एका गटात घातले की चिठ्ठीत उरतं काय.

फळ्यावर_खडू

मंडळी, तीस सामने प्रत्यक्ष कसे जिंकले यावर कोणी बोलतच नाही.

रचना साधी होती, पण भाग नेमके बसवलेले. गोलात गारेला. हाताने पकडण्यापेक्षा पायाने, गुडघ्याने, जे सापडेल त्याने अडवणारा. दिसायला भयानक, पण 19 गोल हाच त्याचा दाखला. मागे कर्णधार त्रिचेला लिबेरो, म्हणजे कोणाला न चिकटणारा मोकळा बचावपटू, चेंडू घेऊन वर येणारा. फोंतोलान आणि फेर्रोनी माणसाला चिकटणारे. डावीकडे मारांगोन बचावपटू नावालाच, कायम वर. त्याने सोडलेली जागा भरायला व्होल्पाती आणि ब्रीगेल. उजवीकडे फान्ना धावायचा, मधून दि जेन्नारो लांब पास काढायचा, पुढे गाल्देरिझी जवळच्या जागेत आणि एल्क्येर मोकळ्या मैदानात.

खरी चाल ब्रीगेलची. कायझर्सलाउटर्नहून आलेला हा माणूस मूळचा बचावपटू, त्याआधी डेकॅथलॉनवाला. बान्योलींनी त्याला मधल्या फळीत घातलं. पहिल्याच सामन्यात, 16 सप्टेंबर 1984 ला, समोर नेपोलीकडून सेरी आमधलं पदार्पण करणारा मॅराडोना. ब्रीगेल त्याच्या अंगाला चिकटला आणि वर स्वतः गोलही केला. व्हेरोना 3, नेपोली 1. हंगामात ब्रीगेलचे 9 गोल, गाल्देरिझीचे 11, एल्क्येरचे 8. माणसाला चिकटणाऱ्या खेळाचं दुखणं असं की चिकटणारा खेळाडू मागेच अडकतो. इथे मॅराडोनाला धरणारा माणूसच पुढे जाऊन गोल करतो, मग त्याला कोणी धरायचं?

त्या काळात क्लबला दोनच परदेशी खेळाडू चालत. युव्हेंटसकडे प्लातिनी आणि बोनियेक, उदिनेझेकडे झिको, फिओरेंतिनाकडे सॉक्रेटिस. व्हेरोनाने मोठ्या नावांऐवजी संघातल्या दोन रिकाम्या जागा भरणारे ब्रीगेल आणि एल्क्येर विकत घेतले.

सव्वादोन_गुण

युव्हेंटसविरुद्धचा 2-0 पण घ्या, ऑक्टोबर 1984. पिओलीच्या टॅकलमध्ये एल्क्येरचा बूट निघाला, तसाच आत शिरून त्याने मोज्याच्या पायाने गोल मारला. त्यात पंचाने काय करायचं होतं?

तिरपी_किक

बूट नसताना खेळ थांबवायचा की नाही यावरही लोक भांडतात, म्हणून विचारलंत ते बरं केलंत 🙂

फळ्यावर_खडू यांचं विवेचन मान्य. पण मोठ्यांची अवस्थाही बघा. युव्हेंटसचं सगळं लक्ष युरोपियन कपावर, मे 1985 मध्ये हेझेलच्या अंतिम सामन्यापर्यंत. रोमातून प्रशिक्षक लीडहोम गेलेले. म्हणजे सोडत हे एकच कारण, हे मी मागे घेतो. पण ते कारणांपैकी एक आहे, हे सोडत नाही.

जुना_लिबेरो

आता कुठे रस्त्यावर आलात. तरी दोन सामने सांगतो. फेब्रुवारी 1985, उदिनेत व्हेरोना 3-0 पुढे, मग 3-3, आणि शेवटी 5-3. दुसरा 12 मे, बेर्गामो: अतालांता आधी पुढे गेला, एल्क्येरने 1-1 केलं, एक सामना बाकी असताना स्कुडेटो पक्का. त्या दिवशी जिंकायलाही लागलं नाही. सोडतीने पंच मिळतो, आघाडी गेल्यावर परत घ्यायची हिंमत नाही.

आणि प्रशिक्षक नशीबवान होता म्हणाल, तर जेनोआ बघा. त्याच बान्योलींनी 1990-91 मध्ये जेनोआ चौथ्या क्रमांकावर आणला, आणि 1992 मध्ये लिव्हरपूलला त्यांच्याच अ‍ॅनफिल्डवर हरवलं. तिथे हे करणारा तो पहिला इटालियन संघ.

सुद्दितांझा

चौथा. पुन्हा चौथाच.

फळ्यावर_खडू

त्या वर्षी पहिला कोण होता ते पण लिहा. साम्पदोरिया, त्याच शहरातला शेजारी, आणि पंच नेमणुकीचे.

सुद्दितांझा

साम्पदोरियामागे मालक मांतोव्हानींचा तेलाचा पैसा होता. व्हियाल्ली आणि मांचिनी वर्षानुवर्षं धरून ठेवता आले. व्हेरोनाला विजेतेपदानंतर तीन महिनेसुद्धा तोच संघ ठेवता आला नाही, 1990 मध्ये ते सेरी बीत गेले आणि 1991 मध्ये क्लबचं दिवाळं निघालं. म्हणून विचारतोय, दुसरी संधी मिळणारच नव्हती अशा क्लबला ती एकुलती एक संधी नेमकी कोणत्या वर्षी मिळाली?