एक्क्यांची जोडी आणि समोरचे चौघे
टेक्सास होल्डेम पोकरमध्ये (प्रत्येकाच्या हाती दोन पत्ते आणि टेबलावर सगळ्यांचे सामाईक पाच पत्ते) हाती आलेली एक्क्यांची जोडी वारंवार हरते म्हणजे पत्ते पिसण्यातच खोट असणार, हे या चर्चेत वर मांडलेले मत मला पटत नाही. राजांच्या जोडीसमोरही एक्के पाच-सहा डावांत एकदा हरतातच. मात्र डावात किती जण उरले आहेत, हा मुद्दा इथे कुणी मांडलेला नाही. कोणतेही पत्ते हाती असलेल्या एकाच प्रतिस्पर्ध्यासमोर एक्के साधारण ८५ टक्के वेळा जिंकतात, पण असे चौघे शेवटपर्यंत राहिले तर हे प्रमाण ५६ टक्क्यांच्या आसपास घसरते. त्यामुळे सुरुवातीला पैज न वाढवता सगळ्यांना स्वस्तात पुढचे पत्ते पाहू दिले आणि शेवटच्या पत्त्यावर कुणाचा बदामांचा फ्लश (पाचही पत्ते बदामाचे) पूर्ण झाला, तर त्या हारीला निव्वळ दुर्दैव म्हणता येणार नाही. पैज वाढवून एकालाच समोर ठेवल्यावरही हार पत्करावी लागली, तर ती जिव्हारी लागते, हे मात्र अगदी खरे.