पडद्यामागचा माणूस साथीदार की सजावटवाला?

शेवटचा बाक

‘गाणं ऐकायचं असतं, बघायचं नसतं’ ही आपल्या मंचावरची कालची पोस्ट वाचली. मागे पडदा लावून त्यावर रंगांचे ओघळ सोडणाऱ्या कलाकारांचा स्वतःच्या वाजवण्यावरच भरवसा नसतो, आणि अशा कार्यक्रमांना टाळ्या वाजवणाऱ्यांना ना गाणं कळतं ना चित्र, असं तीत म्हटलंय. मी त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या महिन्यात पुण्यात एका लहान हॉलमध्ये असा कार्यक्रम झाला. सरोद, चेलो, तबला आणि चौथी एक मुलगी. ती डाव्या अंगाला टेबल मांडून बसली होती, तोंड वादकांकडे. टेबलावर काचेचा पसरट ट्रे, त्याच्या खालून दिवा, वरून कॅमेरा. ट्रेमध्ये पाणी, शाई, थोडं तेल. कॅमेऱ्याला जे दिसेल तेच मागच्या पडद्यावर. आधी तयार करून आणलेली एकही फ्रेम नाही.

सरोदियाने मारवा रागाच्या अंगाने सुरुवात केली. बराच वेळ पडदा काळाच होता. शेजारचे गृहस्थ ‘प्रोजेक्टर बिघडला वाटतं’ म्हणाले. मग सरोदिया धैवतावर रेंगाळला तेव्हा पडद्याच्या कडेला एक करडी रेघ सुटली आणि अगदी सावकाश आत येऊ लागली. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, कोमल ऋषभावर येऊन टेकली. रेघ मात्र अर्ध्या वाटेत थांबली. सरोदियाने मान वर करून पडद्याकडे पाहिलं आणि तीच जागा पुन्हा घेतली, या खेपेला दुप्पट लांबवून. म्हणजे पडद्याने वादकाला काहीतरी सुचवलं आणि त्याने ते घेतलं. पुढे राग सुटला, चेलो भलतीकडे गेला, तबला द्रुत लयीत आला. तेव्हा तिने काय केलं? कॅमेऱ्यावर तळहात ठेवला. पडदा काळा. वाजवा तुम्ही.

याला मी साथ म्हणतो. तबलजी चांगला की वाईट हे आपण कशावरून ठरवतो? ठेका धरून बसता येतो का, मुख्य कलाकाराला जागा देतो का, संधी मिळाल्यावर बोलतो का, आणि बोलून झाल्यावर गप्प होतो का. व्हिडिओवाल्याला हीच कसोटी लावा. नापास होतील त्यांना झोडा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण पडदा दिसला की गाणं मेलं, हे मला मान्य नाही.

आणि हे खूळ कालपरवाचं नाही. रशियन संगीतकार स्क्रियाबिनने ‘प्रॉमिथियस’च्या स्वरलेखनात प्रकाशासाठी वेगळी ओळ लिहिली ती १९१० साली. आपल्या घरातलं उदाहरण हवं असेल तर किराणा घराण्याचे गायक पंडित प्राणनाथ घ्या. १९७० साली अमेरिकेत गेले, तिथे संगीतकार ला माँट यंग आणि मॅरिअन झझीला त्यांचे शिष्य झाले. झझीला प्रकाशाची कलाकार. तिच्या जांभळ्या-गुलाबी उजेडात किराण्याचा सूर लागला आहे. कोणाच्या भरवशाला तडा गेला नाही.

तारा जुळवा

कालची पोस्ट माझी नाही, पण तिच्यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे.

मारव्याचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. मारव्यात षड्ज, म्हणजे सा, टाळतात. टाळता येतो, कारण तो ऐकणाऱ्याच्या कानात सतत चालू असतो. कलाकार निषाद, ऋषभ, धैवतावर फिरत राहतो आणि आपण आतल्या आत षड्जाची वाट बघतो. सगळा जीव त्या वाट बघण्यात आहे. समोर काही हललं की डोळा तिकडे जातो आणि कान तो षड्ज सोडतो. इथे आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही.

मी ज्यांच्याकडे शिकलो ते पहाटे दिवा लावू द्यायचे नाहीत. अंधारात खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज. वर्षभर चिडचिड केली, पण तंबोऱ्याच्या खर्जातून निघणारा गंधार मला पहिल्यांदा ऐकू आला तो त्या अंधारात. तुमच्या त्या हॉलमध्ये तो कोणाला ऐकू आला असेल?

स्क्रियाबिनचं अर्धंच सांगितलंत. १९११ साली मॉस्कोत पहिला प्रयोग झाला तो प्रकाशाशिवाय. दिवे लागले १९१५ साली न्यूयॉर्कला. दिव्यांशिवाय संगीताचं काही अडलं नव्हतं. शिवाय ती ओळ लिहिलेली होती, सुचेल तसं खेळण्याचा तिथे संबंध नाही. झझीलाचा प्रकाश तर जवळजवळ स्थिर असतो. छताला टांगलेले वळणदार आकार, त्यांच्या हळूहळू फिरणाऱ्या सावल्या. तो देवघरातला उजेड झाला. तेल-शाईचा खेळ नव्हे.

चौकोनी चंद्र

मी हे काम करतो, त्यामुळे जरा आतली माहिती देतो.

लोक ज्याला चिडतात ते बहुतेक वेळा यांत्रिक असतं. सॉफ्टवेअर आवाजाचे खालचे-वरचे पट्टे वेगळे करतं आणि प्रत्येकाचा जोर कुठल्यातरी आकाराला बांधतं. बायाँ, म्हणजे तबल्यातला डावा, घुमला की वर्तुळ फुगलं. अशा सेटिंगला बायाँ ऐकू येतो, मींड ऐकू येत नाही, कारण मींडेत जोर बदलत नाही, जागा बदलते. मग पंधरा मिनिटं आलाप चालू असताना पडद्यावर काहीच अर्थाचं घडत नाही, आणि तबला सुरू झाला की दिवाळी. याला साथ कोण म्हणेल? याला उत्स्फूर्त तरी कोण म्हणेल?

दुसरं, कॅमेऱ्यातून लॅपटॉपमध्ये आणि तिथून प्रोजेक्टरवर जाईपर्यंत चित्र सेकंदाच्या दहाव्या भागाइतकं सहज मागे पडतं. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, पांढरा झोत मारायला जाल तर तो समेनंतर पडणार. कानाला ते लगेच बोचतं. म्हणून शहाणा माणूस ठोक्याच्या मागे धावतच नाही, संथ गोष्टी घेऊन बसतो. त्या मुलीने शाई-तेल घेतलं ते यासाठीच असणार. व्हिडिओ कलाकार स्टायना वासुल्काने सत्तरच्या दशकात व्हायोलिनचा सिग्नल थेट व्हिडिओत सोडला, गज ओढला की चित्राच्या रेघाच वाकायच्या. ते मला यापेक्षा प्रामाणिक वाटतं, कारण तिथे वाजवणारी आणि चित्र हलवणारी बाई एकच.

आणि आयोजकांबद्दल कोणीच कसं बोलत नाही? मला एका ठिकाणी विलंबित लय चालू असताना प्रायोजकाचा लोगो ‘अधूनमधून तरंगू दे’ म्हणून सांगितलं होतं. नकार दिला. पुढचं काम गेलं.

नवीन गोष्टीला आपल्याकडे आधी लाथच बसते. पेटीवर आकाशवाणीने १९४० ते १९७१ बंदी घातली होती. आज पेटीशिवाय मैफल दाखवा.

खर्जातला

चंद्र, बाकी पटलं. पेटीचं उदाहरण मात्र उलटं लागू पडतं. पेटी आली आणि सारंगी गेली. बंदी घालणारे चुकले नव्हते, बंदी उठवणारे चुकले. ठरलेल्या पट्ट्या, दोन सुरांमध्ये भिंत, मींड नाही, सुराला झुलवणारं आंदोलन नाही. गायक दरबारी रागाचा गंधार झुलवतोय आणि शेजारी पेटी सपाट गंधार दाबून बसलीये. पन्नास वर्षांत गवयांचे कान पेटीला सरावले. तसंच पडद्याचं होईल, म्हणूनच मला भीती वाटते.

पायपेटी

खर्जातले, हा जुना राग इथे कशाला काढलात? मी पेटी वाजवतो आणि हे ऐकून ऐकून कंटाळलोय.

सारंगीला पेटीने मारलं नाही. तुम्ही-आम्ही मारलं. कोठ्यावरचं वाद्य म्हणून नाकं मुरडली, सारंगियाला मुख्य कलाकाराच्या जोडीने मान दिला नाही, मुलांना ती शिकायला पाठवलं नाही. गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन होता आणि त्याच वेळी कादरबक्षांची सारंगी होती, थिरकवांचा तबला होता. दोन्ही सुखाने नांदत होते. मग मारलं कोणी?

आणि ‘भिंत’ म्हणताय तर संगीताचे अभ्यासक देवल आणि क्लेमेंट्स यांनी शंभर वर्षांपूर्वी श्रुतींची, म्हणजे सुरांमधल्या बारीक जागांची, पेटी करवून घेतली होती हे विसरू नका. आज डॉ. विद्याधर ओक यांची २२ श्रुतींची पेटी आहे. तुम्ही ती कधी ऐकली आहे का?

खर्जातला

ऐकली आहे. श्रुती मिळाल्या, मींड कुठे आहे? बावीस पायऱ्या केल्या तरी जिना तो जिनाच.

पायपेटी

सतारीच्या दांडीवरही पडदे, म्हणजे सुरांच्या पट्ट्या, असतात, तिला जिना म्हणता का? लेहऱ्याला, म्हणजे तबल्याच्या एकल वादनामागच्या फिरत्या सुरावटीला, रात्रभर सारंगी धरणारे किती जण उरलेत ते सांगा, मग पेटीवाल्याला खाली उतरवा. माझे वडील गावोगाव भजनाला पेटी घेऊन जायचे. ती पेटी नसती तर त्या गावांत सूर म्हणजे काय हे कोणाला कळलं नसतं. सारंगी तिथे कधीच पोचली नसती.

शेवटचा बाक

दोघांनाही विनंती, पेटीसाठी वेगळा धागा काढा.

तारा जुळवा, तुमचा षड्जाचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. पण म्हणूनच सुरुवातीचा काळा पडदा मला महत्त्वाचा वाटतो. त्या मुलीला तुमचा षड्ज ठाऊक होता, नाहीतर तिने पहिल्याच मिनिटाला शाई सोडली असती. डोळे मिटून ऐकायची मुभा तर तुम्हाला तिथेही होती.

निळी खिडकी

डोळे मिटायची मुभा म्हणता, ती सगळ्यांना कामाची नाही. मला अर्धशिशी आहे. अशाच एका कार्यक्रमात शेवटच्या भागात पांढरे झोत सुरू झाले, मिटलेल्या पापण्यांतूनही आत येत होते. उठून बाहेर पायरीवर बसले, नंतर दोन दिवस अंथरुणात. तिकिटावर, दारावर, कुठेही सूचना नव्हती. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नको हा साधा दंडक ब्रिटनमधले दूरचित्रवाणीवाले पाळतात. हे ‘प्रयोगशील’ म्हणून यांना माफ का? कलेवर वाद घाला खुशाल, आधी दारावर एक कागद चिकटवा.

चौकोनी चंद्र

ताई, शंभर टक्के बरोबर. मी झोत वापरत नाही, पण सूचना मीही कधी लावायला सांगितली नव्हती. यापुढे करारातच घालणार.

तारा जुळवा

बाक, काळ्या पडद्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य करतो. पण मग निष्कर्ष तुम्हीच काढा ना. त्या बाईंनी सर्वोत्तम काम केलं ते पडदा बंद ठेवून आणि कॅमेऱ्यावर हात ठेवून. म्हणजे चित्र नसतानाच गाणं फुललं.

अमूर्त चित्राशी ज्यांनी खरी झटापट केली त्यांनाही हे कळलं होतं. चित्रकार अकबर पदमसींनी मुंबईत १९७० च्या सुमाराला ‘सिझिजी’ हा रेषा-आकारांचा चित्रपट केला, तो मूक ठेवला. थॉमस विल्फ्रेडने १९२०च्या सुमाराला प्रकाशाचं वाद्य बनवलं आणि प्रकाश ही संगीताशिवायची स्वतंत्र कला आहे असं मांडत राहिला. ज्याला चित्र कळतं तो त्याला गाण्याच्या दावणीला बांधत नाही, आणि ज्याला गाणं कळतं तो त्याच्यामागे चित्र टांगत नाही.

शेवटचा बाक

तबलजी आलापाला गप्प बसतो म्हणून तबल्याची गरज नाही असं तुम्ही म्हणाल का? तो गप्प बसलाय हे दिसत असतं, म्हणून त्याची पहिली थाप अंगावर येते. काळा पडदाही तसाच तिथे असतो. तो मुळात नसता तर ती करडी रेघ आली नसती आणि सरोदियाने ती जागा दुसऱ्यांदा घेतली नसती. ती दुसऱ्यांदा घेतलेली जागा मी ऐकली आहे. तुम्ही नाही. एवढ्यापुरतं तरी माझ्या कानांवर विश्वास ठेवा.

पदमसींचं मान्य. त्यांचा चित्रपट आधी काढलेल्या रेखाचित्रांचा होता, समोर वादक नव्हता. मी समोरासमोरच्या खेळाबद्दल बोलतोय.

तारा जुळवा

तुमच्या कानांवर माझा विश्वास आहे, म्हणून तर इतका वेळ घालवतोय. पुढचा कार्यक्रम कुठे आहे ते कळवा, येईन. शेवटच्या रांगेत बसेन, आणि आलापात त्या पडद्यावर ठिपका जरी हलला तरी उठून जाईन. वाद्यं माइकशिवाय असतील तर मात्र शेवटपर्यंत थांबायची तयारी आहे, कारण पडद्यापेक्षा जास्त वाटोळं त्या स्पीकरच्या भिंतींनी केलंय.

खर्जातला

माइकचं बोललात ते लाखमोलाचं. पायपेटी, सतारीचा पडदा तार ओढायला अडवत नाही. एका पडद्यावर चार-पाच सुरांची मींड निघते. पेटीवर काढून दाखवा.

पायपेटी

नवीन धागा काढलाय. तिकडे या, रेकॉर्डिंग टाकतो.