अनुभव धागा: टेम्पो भरून झाला आणि रूट बदलला, आता?

शहरातल्या शहरात माल पोचवणाऱ्यांसाठी हा धागा. ऐनवेळी ऑर्डर रद्द, नवा थांबा, रस्ता बंद, गाडी पंक्चर अशा वेळी नेमकं काय करता ते लिहा. 'आधीच नीट प्लॅनिंग करा' हा सल्ला सोडून काहीही चालेल.

किराणा वितरण, पिंपरी
मॅपवर क्रम बदलायला अर्धा मिनिट लागतो. अडतं ते गाडीच्या पोटात. शेवटच्या दुकानाचा माल आधी भरलेला असतो, पहिल्याचा दाराशी. बाराव्या थांब्याला तिसरा केला की नऊ दुकानांचा माल रस्त्यावर उपसा! म्हणून:

गाडी गोदामात असेल तर हवा तसा क्रम बदला, पण माल परत लावूनच सोडा. गाडी बाहेर पडली असेल तर फक्त शेजारशेजारचे थांबे पुढेमागे करायचे. नवा थांबा शक्यतो शेवटी.

खोक्यांवर थांब्याचा नंबर लिहू नका, दुकानाचा कोड लिहा. नंबर बदलतो, मग 7 लिहिलेलं खोकं पाचव्या दुकानात उतरतं. भरताना एका बाजूने फूटभर वाट ठेवली तर मागचं खोकं काढता येतं. जागा वाया जाते म्हणून हमाल कुरकुरतात, कुरकुरू द्या. वाढीव माल टाकण्याआधी वजन बघा. छोटा हत्ती साधारण पाऊण टनाचा, तेलाचे डबे चढवले की तो लगेच भरतो.

बिलिंग आणि ई-वे बिल
थांब्यांचा नुसता क्रम बदलला तर ई-वे बिलाला (माल वाहतुकीसाठी जीएसटी पोर्टलवर काढतात ते) हात लावायची गरज नाही. गाडी बदलली तर मात्र माल हलवण्याआधी त्याच्या भाग ब मध्ये (गाडीचा तपशील) नवा नंबर टाका. घाईत हेच राहतं, आणि तपासणीत नेमकं हेच सापडतं. माल ज्याला जायचा तो ग्राहकच बदलला तर भाग अ (माल आणि ग्राहकाचा तपशील) दुरुस्त होत नाही. ई-वे बिल 24 तासांच्या आत रद्द करून नवं काढायचं. वाटेत अधिकाऱ्याने तपासलं असेल तर तेही रद्द होत नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1 लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे किरकोळ वाटपात हा प्रश्न कमी येतो.

औषध वितरण
इन्सुलिन, लसी असतील तर रूट अंतराने नाही, बर्फाच्या डब्याने ठरतो. 2 ते 8 अंश राखायचे. झाकणावर बर्फ भरल्याची वेळ मार्करने लिहा. बदल आला की आधी ती वेळ बघायची, मग नकाशा. उशीर होणार म्हणून जास्तीचे गोठलेले जेल पॅक कोंबू नका. कुपीला थेट चिकटले तर इन्सुलिन गोठतं, आणि गोठलेलं वितळलं तरी फेकायचंच.

ड्रायव्हर
डिस्पॅचवाल्यांनो, 'पाचवा काढा, नववा वर घ्या' असं फोनवर सांगू नका. पूर्ण नवी यादी पाठवा, वर वेळ लिहा, जुनी डिलीट करा. गाडी चालू असताना फोन नको, पुढच्या थांब्यावर वाचतो. 'मिळाली' असं उत्तर येईपर्यंत जुनीच यादी चालू आहे असं धरा.

बेकरी, पुणे
विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता आणि भोवतीच्या पेठा गाडीसाठी संपल्याच समजा, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसावरही सांडते. पेठांचा माल वेगळ्या क्रेटमध्ये, नदीपलीकडचा वेगळ्या गाडीत. पेठांतला टेम्पो बाहेर उभा करून हातगाडी. एका हातगाडीवर पावाचे 8-10 क्रेट, वर दोरी. पालखीचंही तसंच, आणि दोन्हींची तारीख तिथीने सरकते.

किराणा वितरण, पिंपरी
@ड्रायव्हर, वेळ लिहायचं पटलं. एक राहिलं: रद्द झालेल्या दुकानाचं बिल गाडीतल्या गठ्ठ्यातून लगेच बाजूला काढून त्यावर 'परत' लिहा. नाहीतर संध्याकाळी पोच मोजताना एक बिल कमी, माल जास्त, आणि ड्रायव्हरवर संशय.