आजारी कलाकारासाठी लिलाव: अनुभव लिहा

सोलापुरातल्या चित्रकार-विणकर मंडळींना आपल्यातल्या एका आजारी सोबत्यासाठी लिलाव करायचा आहे. ज्यांनी अशी कामं केली आहेत, त्यांनी किस्से बाजूला ठेवून काय करायचं आणि कुठे अडतं, एवढंच लिहावं. आलेली उत्तरं खाली, कोण काय काम करतं त्या नावाने.

बोली पुकारणारे

दीड तासात पंचवीस-तीस वस्तू निघतात. त्याहून जास्त ठेवल्या की लोक उठायला लागतात आणि शेवटच्या वस्तू मातीमोल जातात. सुरुवातीची किंमत बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत ठेवा. बोली किती रुपयांनी चढेल ते आधीच छापा: ५ हजारांपर्यंत २००, २० हजारांपर्यंत ५००, पुढे १,०००. नाहीतर कोणीतरी पन्नास-पन्नासाने चढवत बसतं आणि रंगच जातो. सगळ्यात चांगली वस्तू पहिली काढू नका, तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात.

बाहेरगावच्या बोली थेट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतल्या की घोळ ठरलेला. संदेश उशिरा पोचतो, कोणी मागाहून पुसून टाकतं, दोघांची रक्कम एकच निघते. त्यापेक्षा फोन घेऊन एक माणूस पहिल्या रांगेत बसवा; त्याने हात वर केला तरच ती बोली धरायची. ‘एकवार, दोनवार’ म्हणताना दर वेळी त्याच्याकडे बघा, मगच ‘तीनवार’.

तारीख धरताना जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा टाळा. एप्रिल-मेमध्ये सहाच्या आधी सुरू करू नका, त्या उन्हात कोणी येत नाही.

वस्तू जमवणाऱ्या

देणाऱ्याकडून एका कागदावर लिहून घ्या: वस्तू, माप, माध्यम, किमान किंमत, आणि विकली नाही तर कोण परत नेणार. मूळ चित्र विकलं म्हणून ते छापण्याचा हक्क जात नाही, लेखी दिला नसेल तर तो चित्रकाराकडेच राहतो. घेणाऱ्याच्या पावतीवर हे छापा, म्हणजे पुढे कॅलेंडरवरून भांडण नको.

जकार्डवर (नक्षी विणण्याच्या मागावर) विणलेली वॉल हँगिंग घडी घालून आणू देऊ नका. घडीची रेघ व्यक्तिचित्राच्या चेहऱ्यावरून गेली तर ती सहजी निघत नाही. कापड दुकानातून ताग्याच्या पुठ्ठ्याच्या नळ्या मागा (सोलापुरात त्यांना तोटा नाही) आणि नक्षी बाहेर ठेवून गुंडाळा. ताज्या तैलचित्राला बबल रॅप लावला की फोडांचे ठसे रंगात उमटतात; ते कोरडं होईपर्यंत उघडंच ठेवा.

कोणी आजोबांची हस्तलिखित पोथी किंवा जुनी मूर्ती दिली तर हात जोडून परत करा. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरचं महत्त्वाचं हस्तलिखित पुरावस्तूत मोडतं, आणि पुरावस्तूंच्या विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो. त्या भानगडीत लिलाव अडकायला नको.

आणि एक कळकळीने सांगते: आजारी माणसाची स्वतःची कामं दोन-तीनच ठेवा. सगळी एकदम काढली की भाव पडतो, आणि बरं झाल्यावर त्याला त्याच पडलेल्या भावाने विकावं लागतं. त्याची उरलेली चित्रं ही त्याची पुढची कमाई आहे. सोबत्यांनी आपलं द्यावं.

हिशेब सांभाळणारे

बोली म्हणजे पैसे नव्हेत. पैसे जमा झाल्याशिवाय वस्तू हलवू नका. तीन दिवसांची मुदत द्या, मग दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीला विचारा. म्हणून दुसरं नाव आणि रक्कमही लिहून ठेवायची.

कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्यावर क्यूआर लावू नका. अनोळखी लोकांकडून एकदम पन्नास-साठ रकमा येतात. त्यातल्या एकीवर जरी सायबर तक्रार असली तरी बँक पैसे गोठवते, तेही ऐन ऑपरेशनच्या आठवड्यात. रुग्णाच्या खात्यात नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५० हजारांवर भेट आली तर ती करपात्र ठरते. सर्वांत सुटसुटीत म्हणजे नोंदणीकृत संस्थेचं खातं, आणि तिथून थेट हॉस्पिटलला भरणा. संस्था नसेल तर धर्मादाय कार्यालयातून कलम ४१ क ची, म्हणजे लोकांकडून पैसे जमवायची, परवानगी आधी घ्या, गणेश मंडळं घेतात तीच. एका व्यवहाराचे २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाहीत. यूपीआयची नेहमीची मर्यादा दिवसाला १ लाख आहे, मोठ्या बोलीवाल्याला आधीच सांगा. आणि वस्तू घेतलेल्याने देणगीच्या करसवलतीची (८० जी म्हणतात ती) पावती मागितली तर नम्रपणे नाही म्हणा. त्याने खरेदी केली आहे, दान नव्हे.

हॉस्पिटलचे कागद बघणारे

लिलावाआधी खर्चाचं लेखी अंदाजपत्रक घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतंय का ते बघा. मंजुरी उपचाराआधी लागते, आधी बिल भरून मागून परतावा मिळत नाही. योजनेत बसलं तर लिलावाचा पैसा योजना देत नाही त्याला राखून ठेवा: घरी आल्यावरची औषधं, रुग्णासोबतच्या माणसाचं राहणं, बुडालेली रोजची कमाई. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात रेडिएशन असेल तर आठवड्यात पाच दिवसांची ये-जा धरा. मुंबईला जायचं असेल तर कॅन्सर रुग्णाला आणि त्याच्यासोबतच्या माणसाला रेल्वे तिकिटात सवलत आहे, हॉस्पिटलकडून दाखला आणा.

पत्रकावर आजाराचं नाव आणि फोटो टाकायचा की नाही, हे रुग्णाला विचारा, घरच्यांना नव्हे. रिपोर्ट दाखवावाच लागला तर पत्ता, फोन आणि नोंदणी क्रमांक झाकूनच. एकदा फिरला की तो परत घेता येत नाही.

वस्तू जमवणाऱ्या (पुन्हा)

राहिलंच: न विकलेल्या वस्तू आठ दिवसांत पोचत्या करा आणि पोच घ्या. ते रेंगाळलं की पुढच्या वेळी तोच माणूस चित्र देत नाही.