शब्दचर्चा : ‘वाढीव गुरुत्वाकर्षणामुळे फळमाशीचे वृद्धत्व लांबते’

प्रश्न : एका विज्ञानविषयक मजकुरासाठी वरील वाक्य योजले आहे. ते अर्थाच्या दृष्टीने निर्दोष आहे का? ‘वृद्धत्व’ हा शब्द येथे चालेल, की ‘वार्धक्य’ अधिक योग्य ठरेल?

उत्तर : वृद्धत्व आणि वार्धक्य यांतील निवडीपेक्षा ‘लांबते’ हे क्रियापद अधिक अडचणीचे आहे. पाऊस लांबला म्हणजे तो उशिरा आला आणि भाषण लांबले म्हणजे ते अधिक वेळ चालले, हे दोन्ही अर्थ मराठीत रूढ असल्यामुळे म्हातारपण उशिरा आले की म्हातारपणाचाच काळ वाढला, हे या वाक्यावरून कळत नाही. मूळ प्रयोगांच्या संदर्भात तर हा फरक निर्णायक आहे.

फ्रान्समधील तुलूझ येथे एरिक ल बूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर या माश्या सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे सतत गोल फिरणाऱ्या यंत्रात, ठेवून पृथ्वीवरच्या गुरुत्वाच्या तिप्पट, पाचपट अशा भाराखाली वाढवल्या. संपूर्ण आयुष्य त्या भाराखाली काढणाऱ्या माश्या लवकर मेल्या. मात्र प्रौढावस्थेतील पहिले सुमारे दोन आठवडेच हा भार सोसून नंतर नेहमीच्या स्थितीत आणलेल्या नरांचे सरासरी आयुर्मान जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढले, माद्यांचे वाढले नाही, आणि पुढे ३७ अंश सेल्सिअसच्या उष्णतेत टिकून राहण्याची क्षमता मात्र नर व मादी दोघांतही अधिक आढळली. वयानुसार नळीच्या भिंतीवर चढण्याची शक्ती घटते, ती घटही या माश्यांत मंदावली. म्हणजे येथे ‘किती जगल्या’ आणि ‘किती लवकर थकल्या’ या दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत. पहिलीसाठी ‘आयुर्मान’ हा शब्द निश्चित आहे. दुसरीसाठी ‘वृद्धत्व’ किंवा ‘वार्धक्य’ यांपैकी कोणताही शब्द घेतला तरी त्यातून अवस्था सूचित होते, प्रक्रिया नव्हे, म्हणून मी ‘वय होण्याची प्रक्रिया’ किंवा सरळ ‘म्हातारे होणे’ असे लिहीन. संस्कृतप्रचुर नामाच्या आग्रहापायी अर्थ धूसर करणे मला मान्य नाही.

प्रतिसाद : ‘वाढीव गुरुत्वाकर्षण’ याविषयीही आपण मत द्यावे. सेंट्रिफ्यूजमध्ये पृथ्वीचे आकर्षण वाढत नाही, असे मला वाटते.

उत्तर : आपले म्हणणे बरोबर आहे. गुरुत्वाकर्षण हे दोन वस्तुमानांमधील बल आहे आणि ते प्रयोगात बदलत नाही. फिरण्याच्या त्वरणामुळे माशीला जाणवणारे वजन तेवढे वाढते. ‘विशिष्ट गुरुत्व’ आणि मुळांची ‘गुरुत्वानुवर्ती’ हालचाल या संज्ञांमुळे ‘गुरुत्व’ हा सुटा घटक विद्यार्थ्यांच्याही परिचयाचा आहे, त्यामुळे ‘अतिगुरुत्व’ हा समास सहज समजतो आणि त्यात आकर्षणाचा चुकीचा दावाही येत नाही. पहिल्या उल्लेखात ‘अतिगुरुत्व, म्हणजे नेहमीपेक्षा अधिक वजन जाणवण्याची स्थिती’ असे स्पष्ट करावे.

‘फळमाशी’ या शब्दाचाही विचार व्हायला हवा. कोकणातील आंबा बागायतदाराला फळमाशी म्हटले की फळाच्या सालीत अंडी घालणारी बॅक्ट्रोसेरा आठवते, जिच्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा बागेत टांगतात. ड्रॉसोफिलाचे कुळ निराळे आहे. पिकून आंबू लागलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी ती इवलीशी माशी घरोघरी ‘चिलट’ म्हणून ओळखली जाते. चिलट हा शब्द इतर बारीक कीटकांनाही लावतात, त्यामुळे तो एकटा पुरेसा नाही, परंतु ‘ड्रॉसोफिला जातीची चिलटे’ असे एकदा लिहून पुढे ‘ड्रॉसोफिला’ वापरल्यास शेतकरी वाचकाचाही गैरसमज होणार नाही.

सौम्य ताणाचा असा हितकर परिणाम ‘हॉर्मेसिस’ या नावाने ओळखला जातो. १९४३ पासून वापरात असलेल्या या संज्ञेला मराठी प्रतिशब्द रूढ नसल्याने ती तशीच ठेवावी.

वाक्य मी असे सुचवेन : ‘तरुणपणी काही दिवस अतिगुरुत्वात ठेवलेल्या ड्रॉसोफिला नरांचे आयुर्मान वाढते आणि वयानुसार घटणारी त्यांची चढण्याची शक्ती अधिक काळ टिकते.’ वाक्य लांबले आहे खरे, पण ‘तरुणपणी’, ‘काही दिवस’ आणि ‘नरांचे’ यांपैकी एकही शब्द गाळला तर विधान खोटे ठरेल.