समोरचा एकच दात काळपट होत चाललाय, दुखत मात्र नाही

उनाड_पतंग

मंडळी, एक शंका आहे, जरा लांबण लागेल पण सांगतोच. माझा वरचा पटाशीचा दात, उजवीकडचा, गेल्या वर्षभरात हळूहळू करडा होत गेलाय. मला स्वतःला कळलंच नव्हतं. ओळखपत्रासाठी फोटो काढायला गेलो तर फोटोवाला म्हणाला दातावर सावली येतेय, मान जरा इकडे करा. मान इकडे केली, तिकडे केली, सावली तिथेच. घरी येऊन आरशासमोर मोबाईलचा टॉर्च दाताच्या मागून धरून बघितला, बाजूचा दात उजेडात छान लालसर पिवळा चमकतो आणि हा मक्ख, उजेड आत शिरतच नाही.

दुखत नाही, ठणकत नाही, थंड गरम काही लागत नाही, कीड पण दिसत नाही. तंबाखू सिगारेट नाही, चहा दिवसातून दोनदा. व्हाइटनिंगवाली टूथपेस्ट दोन महिने इमानदारीत घासली, त्यात बाकीचे दात जरा साफ झाले आणि हा अजूनच उठून दिसायला लागला, म्हणजे पैसे देऊन फजिती. एकच गोष्ट आठवते, कॉलेजात असताना खेळताना बॉल तोंडावर बसला होता, ओठ फुटला आणि हा दात थोडा हलत होता, पण आठवड्याभरात घट्ट झाला म्हणून कोणाला दाखवलं नाही. त्याला आता बारा वर्षं झाली. त्याचा आत्ता काय संबंध असणार? आणि हा पांढरा कसा करायचा? कॅप वगैरे नकोय शक्यतो.

खटपट्या

डॉक्टरकडे गेलास की पहिलं वाक्य रूट कॅनाल. कोळशाची पावडर घे, लिंबू पिळ, बोटाने घास. आठ दिवसांत फरक दिसतो, मी स्वतः करतो.

दाढ_आणि_मी

डेंटिस्ट आहे, म्हणून आधी खटपट्या यांच्याशी दोन शब्द भांडून घेतो. लिंबाच्या आम्लाने इनॅमलचा, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक कवचाचा, वरचा थर मऊ पडतो आणि त्याच्यावर लगेच कोळसा घासला की तो थर निघून येतो, पहिले आठ दिवस दात उजळ दिसतात ते त्यामुळेच. पण इनॅमल काही नखासारखं परत वाढत नाही. ते पातळ झालं की खालचं डेंटिन दिसायला लागतं आणि डेंटिन मुळातच पिवळं असतं, त्यामुळे वर्षभराने तुम्हीच इथे येऊन विचाराल की दात पिवळे का झाले आणि थंड पाणी का झोंबतं.

आता पतंग, तुमच्याकडे येतो. तुम्ही लिहिलंय की थंड गरम काही लागत नाही, ते तुम्ही चांगली बातमी म्हणून लिहिलंय. माझं लक्ष नेमकं तिथेच गेलं. बाजूच्या दाताला थंड लागतं आणि याला अजिबात लागत नाही असं असेल तर या दाताची नस बहुतेक मेलेली आहे. आणि बारा वर्षांचा संबंध आहे, नक्की असू शकतो.

होतं असं, की दाताला मार बसला की मुळाच्या टोकातून आत जाणारी बारीक रक्तवाहिनी तुटते किंवा दबते. आत रक्त सांडतं. डेंटिन बाहेरून भरीव दिसतं पण त्यात हजारो सूक्ष्म नळ्या असतात, त्या नळ्यांत हे रक्त झिरपतं, मग तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिनमधलं लोह मोकळं होतं आणि गंधकाशी मिळून काळी संयुगं बनतात. तुमचा डाग दाताच्या अंगात आहे, अंगावर नाही, म्हणून टूथपेस्टने काही झालं नाही, ती फक्त वरचं घासते. कधी हा रंग काही आठवड्यांतच येतो, कधी नस हळूहळू मरते आणि पाच दहा वर्षांनी कोणीतरी फोटोत पकडतं. मधल्या काळात दुखेलच असं नाही, मेलेली नस कशाला बोंबलेल, पण मुळाच्या टोकाशी जंतुसंसर्ग आणि गळू गुपचूप वाढू शकतं.

सगळ्यांसाठी एक सांगतो, काळ्या दाताचा विचार करताना मी पेशंटला पहिल्यांदा एवढंच विचारतो की एकच दात आहे का बरेच, आणि डाग नखाला किंवा पॉलिशिंगला दाद देतो का. बरेच दात आणि डाग वरवरचा असेल तर चहा, कॉफी, तंबाखू, मुलांमध्ये लोहाचं सिरप, आणि एक ज्याचा कोणाला संशय येत नाही तो म्हणजे क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश. हिरड्या सुजल्या म्हणून कोणीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेला असतो, लोक सहा महिने वापरतात आणि मग दात तपकिरी झाले म्हणून घाबरून येतात. अर्ध्या तासाच्या क्लिनिंगमध्ये निघतो तो. एकच दात असेल तर मार, कीड, जुनं चांदीचं फिलिंग जे पातळ इनॅमलमधून करडं दिसतं, किंवा आधी झालेला रूट कॅनाल, यांच्यात शोधायचं.

तुम्ही आता एवढंच करा, डेंटिस्टकडे जाऊन थंड चाचणी आणि त्या दाताचा छोटा एक्सरे. चाचणीत काही नसतं, कापसाच्या बोळ्यावर थंडगार स्प्रे मारून दाताला टेकवतात आणि लागलं की हात वर करायचा. नस मेलेली निघाली तर आधी रूट कॅनाल आणि मग त्याच भोकातून आतून ब्लिचिंग, कॅपची गरज पडेलच असं नाही. पण रंग बघून थेट रूट कॅनाल करायला कोणी सांगितलं तर चाचणी मागा, कारण मार लागलेला दात कधी पिवळा होतो, आतली पोकळी नवीन डेंटिनने भरत जाते म्हणून. अशा बऱ्याच दातांना रूट कॅनाल लागत नाही, नुसतं लक्ष ठेवतात. आणि दात गुलाबी दिसायला लागला तर मात्र थांबू नका, आतून दात विरघळत असण्याची शक्यता असते.

निळी_छत्री

मी यातून गेलेय म्हणून लिहिते. माझं उलटं झालं होतं, रूट कॅनाल आधी झाला आणि दात काळा नंतर पडला. तेव्हा सांगितलं की रूट कॅनाल झाला की दात काळा पडतोच, मी पण मान डोलावली. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्सरे बघून सांगितलं की दाताच्या वरच्या कोपऱ्यांत नसेचे अवशेष राहिलेत आणि भरलेलं सिमेंटही हिरडीच्या वरपर्यंत आलंय, त्या दोघांनी रंग सोडलाय. म्हणजे पडतोच असं काही नसतं.

मग आतलं ब्लिचिंग केलं. दाताच्या मागच्या बाजूने जुनं भोक उघडलं, तोंडात रबराचा पातळ पडदा लावून फक्त तो एक दात बाहेर, आतलं रबरासारखं मटेरियल हिरडीच्या थोडं खालपर्यंत काढलं आणि त्याच्यावर सिमेंटचं बूच बसवलं. त्या बुचाबद्दल मी दहा प्रश्न विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले की औषध मुळाकडे झिरपलं तर मूळ बाहेरून झिजू शकतं, म्हणून हे बूच सगळ्यात महत्त्वाचं. मग सोडियम परबोरेटची पांढरी पावडर पाण्यात कालवून, अगदी ओल्या वाळूसारखी, आत ठासली आणि वर तात्पुरतं फिलिंग. झालं, घरी जा, आठवड्याने या. खुर्चीत काही घडत नाही, सगळं घरी बसल्या बसल्या होतं.

पहिल्या आठवड्यात मी रोज सकाळी आरशात बघायचे, चौथ्या दिवशी हिरडीजवळचा भाग सोडून बाकी उजळलेला दिसला. दुसऱ्या वेळी औषध भरल्यावर तिसऱ्याच दिवशी जेवताना ते तात्पुरतं फिलिंग कटकन निघालं, जिभेला मागे खड्डा लागला आणि मी अशी घाबरले की जणू दातच पडला. आत वायू तयार होतो त्याच्या दाबाने निघू शकतं म्हणे, जाऊन परत भरून आले. एकूण तीन वेळा भरावं लागलं. शेवटचं पक्कं फिलिंग मात्र लगेच केलं नाही, दोन आठवडे थांबवलं, कारण दातात ऑक्सिजन राहिलेला असतो आणि त्यात फिलिंग नीट चिकटत नाही. मी कंटाळून म्हटलं होतं आजच करून टाका, त्यांनी ऐकलं नाही ते बरं झालं. आता चार वर्षं झाली, अगदी किंचित पिवळा झालाय, मला सोडून कोणाला कळत नाही.

दाढ_आणि_मी

छत्री, पेशंट असून आमच्यापेक्षा बरं समजावलंत. एक भर घालतो, काही ठिकाणी हेच काम जास्त तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड आणि वरून उष्णता देऊन करायचे, एका बैठकीत दात पांढरा व्हायचा पण मूळ झिजण्याचे प्रकार त्यातच जास्त दिसले. सावकाश चालणारी पद्धत बरी. आणि अधूनमधून एक्सरे काढत राहा, दुखत नसलं तरी.

तिसरा_डबा

माझा एक नाही, सगळेच दात आहेत. करडे तपकिरी आडवे पट्टे, लहानपणापासून. शाळेत असताना मी फोटोत कधी हसलो नाही, दात घासत नाहीस का असं मास्तरांपासून सगळ्यांनी विचारून झालं. मोठेपणी एकाने फ्लोरोसिस सांगितलं, दुसऱ्याने लहानपणच्या औषधाचा परिणाम. खरं काय समजायचं आणि काही होतं का याचं?

दाढ_आणि_मी

आडवे पट्टे आणि करडा रंग असेल तर माझा संशय टेट्रासायक्लिनवर. दात हाडात तयार होत असताना, म्हणजे गर्भारपणाच्या दुसऱ्या निम्म्यापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत, हे अँटिबायोटिक पोटात गेलं तर ते कॅल्शियमला चिकटून दातातच बसतं. ज्या काळात डोस दिला त्या काळात तयार झालेला थर रंगतो, म्हणून पट्टे. दात उगवतो तेव्हा पिवळा असतो, पुढे उजेडाने करडा तपकिरी होतो. म्हणूनच हे औषध लहान मुलांना आणि गरोदर बायकांना सहसा देत नाहीत.

फ्लोरोसिसमध्ये पांढरे ढगाळ ठिपके, रेघा, जास्त असेल तर तपकिरी डाग आणि खड्डे. पिण्याच्या पाण्यातल्या जास्त फ्लोराइडने होतो, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम आहे. हे कोडं सुटायलाही वेळ लागला बरं का, अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्सला मॅके नावाचे डेंटिस्ट 1901 साली गेले, गावातल्या लोकांचे तपकिरी दात बघून कारण शोधत बसले, ते पाण्यातलं फ्लोराइड आहे हे 1931 मध्ये निश्चित झालं. त्यामुळे तुमच्या दोन डॉक्टरांत मतभेद झाले यात नवल नाही. लहानपणी त्याच गावात, तेच पाणी पिऊन वाढलेल्या भावंडांचे दात बघा, सगळ्यांचे तसेच असतील तर पाणी, एकट्याचे असतील तर औषध. अगदी पक्की चाचणी नाही ही पण दिशा मिळते.

कानटोपी

टेट्रासायक्लिनवाली मीही. दाताच्या मापाचा प्लास्टिकचा ट्रे बनवून रात्री त्यात 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल घालून झोपायचं, असं सहा महिने केलं. हो, सहा महिने, लोक दोन आठवड्यांत सोडतात आणि म्हणतात काही होत नाही. मध्ये दात इतके शिवशिवायचे की दोन दोन दिवस सुट्टी घ्यायचे. खालचा अर्धा भाग छान उजळला, हिरडीजवळचा करडा पट्टा मात्र फिका झाला, गेला नाही. वरच्या चार दातांना शेवटी व्हिनिअर, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायचे पातळ पापुद्रे, लावले. आणि एक सांगते तिसरा_डबा, जुनं फिलिंग किंवा कॅप असेल तर ब्लिचिंगने त्याचा रंग बदलत नाही, माझं एक फिलिंग नंतर बटणासारखं वेगळं दिसायला लागलं, बदलावं लागलं. आधी ब्लिचिंग, मग फिलिंग, हा क्रम ठेवा.

रात्रपाळीची_आई

मध्येच घुसते, माफ करा. माझी मुलगी साडेतीन वर्षांची, दोन महिन्यांपूर्वी पलंगावरून पडली, वरचा दुधाचा दात आता करडा झालाय. दुखत नाही म्हणते. दुधाचाच आहे, पडणारच आहे, सोडून देऊ का?

दाढ_आणि_मी

सोडून देऊ नका, पण घाबरूही नका. दुधाचा दात मार लागून करडा झाला तरी बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतात, काहींचा रंग काही महिन्यांत परतही येतो. एकदा दाखवून एक्सरे काढून घ्या कारण त्याच्या वरच कायमच्या दाताची कळी असते आणि संसर्ग झाला तर तिला धोका. घरी रोज ओठ उचलून हिरडी बघा, दाताच्या मुळाजवळ पुळी, सूज, पू, दात जास्त हलणं, ताप, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी जा. रंगासाठी काही करायचं नाही, दुधाच्या दाताला ब्लिचिंग तर नाहीच.

उनाड_पतंग

तीन आठवड्यांनी येतोय, सगळ्यांना धन्यवाद. थंड चाचणी केली. बाजूच्या दाताला बोळा टेकवला तर मी खुर्चीतून उडालो आणि या दाताला टेकवला तर मी हात वर करायची वाट बघत बसलो, डॉक्टर म्हणाले अहो केव्हाच टेकवलाय. एक्सरेत मुळाच्या टोकाशी मुगाएवढा काळा ठिपका. म्हणजे बारा वर्षं मी ज्याला ठणठणीत समजत होतो तो आतून सडत होता.

रूट कॅनाल दोन बैठकांत झाला, भूल द्यायचीही तशी गरज नव्हती तरी दिली. कालच आत ते औषध भरलंय, ओली वाळू. रंगात अजून काही फरक नाही, टॉर्च लावून बघितलं. छत्रीताई, तुमचं ते फिलिंग निघालं तेव्हा जेवणात नेमकं काय होतं ते सांगा, तेवढं टाळतो.

निळी_छत्री

काही विशेष नाही हो, नुसती पोळी. पुढच्या दाताने तोडू नका, तुकडे करून दाढेने खा. आणि टॉर्च चौथ्या दिवशी लावा, रोज लावलात तर वेड लागेल.

खटपट्या

कोळसा बंद केलाय. थंड पाणी झोंबतंय खरं, त्याला काय लावायचं असतं?